मिस्त्रीच्या घरचं दार

मिस्त्रीच्या घराचं दार अडायचं. हसा, खुशाल हसा, सगळा जिना हसायचा. ज्या माणसानं पंचवीस वर्षं लोकांची दारं बसवली, त्याच्याच घरात शिरायचं तर खांदा लावून रेटा द्यावा लागायचा. मग ते दार घर्रर करत, उपकार केल्यासारखं उघडायचं. बायकोला तर इतकी सवय झाली होती की दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी ती न थांबता, चालत्या पावलीच खांदा द्यायची. दिवसा कडी लावायची गरजच नव्हती. पोरगी म्हणायची, "आई, आपल्याकडे चोर आला ना, तर बाहेरच दमून परत जाईल बिचारा."

मिस्त्री त्यावर हसायचा नाही. तो खिडकीजवळच्या खाटेवर पडून असायचा, आणि दिवसातून आठ-दहा वेळा तो घर्रर आवाज त्याच्या कानात शिरायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तोही आवाज करणारा!

चार वर्षांपूर्वी एका नव्या कोऱ्या घरात छतापर्यंतचं कपाट बसवताना फळीवरून पाय सरकला. मिस्त्री खाली आणि कपाटाचा सांगाडा त्याच्या वर. कंबरेतले दोन मणके गेले. चालता यायचं, नाही असं नाही. घरातल्या घरात, भिंतीला धरून. पंधरा मिनिटं उभं राहिलं की उजवा पाय बधिर व्हायचा आणि अर्धा तास ताणलं की कंबर अशी धरायची की बोलायची सोय नाही. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. मणक्यातली नस जास्त दबली तर लघवीवर ताबा राहणार नाही, जपा. ते ऐकायला खोलीत फक्त नवराबायको होते. बाहेर पडताना मिस्त्रीनं बायकोचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "पोरीला यातलं काही कळायला नको."

मग सरकारी भत्त्याचा अर्ज आला. अर्ज भरायला बसली पोरगी, कारण घरातलं कागदपत्रांचं खातं तिच्याकडे. मिस्त्रीला लाकडावरची पेन्सिलीची रेघ केसाएवढी चुकली तरी दिसायची, पण सरकारी भाषा पाहिली की त्याचे डोळे फिरायचे. पोरगी एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायची, हा उत्तर द्यायचा. जिना चढता येतो का? थांबत थांबत. वजन उचलता येतं का? नाही. मग ती जरा अडखळली आणि एका दमात वाचून गेली, "नैसर्गिक विधींवर ताबा राहतो का?"

"राहतो की!" मिस्त्री ओरडलाच. "काय पण विचारतात मेले!"

पोरीनं 'होय'वर खूण केली. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती, तिनं भांडं जरा जोरातच आपटलं. त्याआधीच्या महिन्यात दोनदा तसं झालं होतं. पण एकोणीस वर्षांच्या पोरीच्या तोंडावर ते सांगायचं कसं? सांगा ना, तुम्ही सांगितलं असतं?

भत्ता मिळाला. थोडाच, पण त्यानं भाडं निघायचं, आणि बायकोच्या पगारात बाकीचं. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती, पहाटे जायची, चारला यायची. मिस्त्री मात्र त्या भत्त्यापायी जिन्यातल्या लोकांपासून तोंड लपवायला लागला. शेजाऱ्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं की जुना ठेकेदार दर महिन्याला काहीतरी पाठवतो. कोणी जास्त विचारलं की तो खोकायला लागायचा. काम न करता घास गिळणं त्याला ठाऊकच नव्हतं. जेवताना पोरीनं नुसतं "बाबा, अजून घ्या" म्हटलं तरी त्याला वाटायचं, ही मोजतेय. ती मोजत नव्हती हो. पण खाई त्याला खवखवे.

आणि आता पत्र आलं होतं, फेरतपासणीचं. येत्या गुरुवारी तपासनीस घरी येणार, अर्जदाराची स्थिती पाहणार, आणि त्यावर भत्ता चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरणार.

बायकोनं आठवडाभर त्याला पढवलं. "जसे आहात तसे दिसा. उगाच ताठ बसू नका. दाढी करू नका. मी सुट्टी काढलीय, चहा मी देईन, तुम्ही उठायचं नाही. आणि विचारलं तर खरं सांगा, सगळं खरं. त्या मागच्या प्रश्नाचंसुद्धा. पोरगी त्या वेळी तिच्या कामावर, दुकानात असेल, मी बघितलंय."

"बरं," मिस्त्री म्हणाला. पण त्याच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. तपासनीस म्हणजे सरकारचा माणूस. तो जिना चढून येणार, दार ढकलणार, आणि दार अडणार. मग त्याच्या हातातल्या कागदावर नाव आणि पुढे धंदा: सुतार. तो बघेल दाराकडे, मग बघेल कागदाकडे. बस, एवढंच चित्र त्याला आठवडाभर दिसत होतं. भत्ता जाईल ही भीती होतीच, पण ती या चित्राच्या मागं रांगेत उभी होती.

बुधवारी बायको आणि पोरगी बाहेर पडल्या, तसा हा उठला. खाटेखालची पेटी पायानं ओढली. रंधा काढला, पात्यावरून अंगठा फिरवला. चार वर्षांत धार गेली नव्हती, तेलाचं फडकं गुंडाळून ठेवलं होतं ना. मग त्यानं चौकटीला खडू घासला आणि दार लावलं. ही सुताराची जुनी रीत, दाराला जिथं खडू लागेल तिथं ते अडतंय. उघडून पाहिलं तर कडीकडच्या कडेला, मधल्यापासून थेट खालपर्यंत पांढरा पट्टा. एवढंच! एवढ्यासाठी चार वर्षं लोक हसले!

पूर्वी हे काम वीस मिनिटांचं होतं, तेही गप्पा मारत. त्यानं दाराखाली पाचर मारली, चौकटीला खांदा टेकवला आणि पहिला हात मारला. लाकडाची पातळ वळी सुर्रकन निघाली आणि त्याच्या पायावर पडली. काय सांगू तुम्हाला, माणूस लहान पोरासारखा हसला. दहा हात मारायचे, खाटेवर जाऊन पडायचं. पाय जागा झाला की परत यायचं. वरचं उभ्यानं झालं, खालच्यासाठी गुडघ्यांवर बसावं लागलं. मधे एकदा डोळ्यांपुढं काळोख आला, तेव्हाच थांबायला हवं होतं. पण अर्धवट काम सोडणारा तो नव्हे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अडीच तासांनी त्यानं परत खडू घासला, दार लावलं, उघडलं. दारावर खडूचा ठिपकासुद्धा नव्हता. एका बोटानं दार सरकत होतं आणि सोडाल तिथं थांबत होतं.

उठायला गेला आणि कंबर धरली. पाय होता कुठं? उजवाही नाही, डावाही नाही. मिस्त्री उघड्या दाराशी, आतल्या बाजूला बसकण मारून पडला, आणि मग त्याला मांडीला ऊब लागली. आधी कळलंच नाही काय ते. कळलं तेव्हा पँट ओली झाली होती आणि ओल भुश्यातून पसरत उंबऱ्याकडे निघाली होती.

त्याच वेळी खालून जिन्यावर पावलं वाजली. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, त्यांची ती पायरीपायरीवर थांबून श्वास घ्यायची चाल. मिस्त्रीनं हात लांब करून दाराला बोट लावलं. दार आवाज न करता मिटलं. कालचं दार असतं तर त्याच्यानं हललंसुद्धा नसतं. शिंपीणबाई पलीकडून धापा टाकत निघून गेल्या आणि मिस्त्री भिंतीशी सरकून, तोंडात सदऱ्याची बाही कोंबून रडला.

चार वाजता बायको आली. दोन पिशव्या, चालती पावलं आणि नेहमीसारखा खांदा. दार झटकन उघडलं आणि बाई पिशव्यांसकट तोंडावर आडवी. "अगं आई गं! दार कोणी मोडलं?" ती ओरडली. मग तिला भुसा दिसला, रंधा दिसला, आणि भिंतीशी बसलेला नवरा दिसला. तिनं आधी दार लावून घेतलं, कडी घातली. दिवसाउजेडी, चार वर्षांत पहिल्यांदा.

"काय केलंत हे? उद्या तो माणूस येणार आणि आज तुम्ही रंधा घेऊन बसलात? हात दाखवून अवलक्षण!"

"दार अडत होतं," मिस्त्री म्हणाला.

तिची नजर त्याच्या ओल्या पँटवर गेली. मग तिचा आवाज खाली आला. "उठा. नाही, थांबा, उठू नका. मी पाणी आणते." त्यानं तिचे हात ढकलले तशी ती म्हणाली, "लाजताय कुणाला? रोज दोनशे चादरी धुते मी, त्यात एक तुमची पँट." तिनं त्याला पुसलं, बदललं, बगलेत हात घालून ओढत खाटेवर नेलं. तो सारा वेळ छताकडे बघत होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो ना, तसं त्याला खरोखर वाटत होतं. शेवटी एवढंच म्हणाला, "पोरीला नको सांगूस."

पोरगी सातला आली, तोवर आईनं कडी काढून ठेवली होती. तिनंही खांदा दिला, तीही धडपडली, आणि मग जी हसत सुटली! दार पुढं ढकल, मागं ओढ, एका बोटानं, करंगळीनं. "बाबा, तुम्ही केलं? तुम्ही? आई, बघ ना, थांबतंसुद्धा मधेच!" ती खाटेच्या कडेला येऊन बसली. डोळे नुसते चमकत होते. "बाबा, बरे होताय तुम्ही. मला माहीत होतं. आता हळूहळू एकेक काम घ्यायचं, जमेल तेवढं. आमच्या दुकानातल्या स्टुलाचा पाय निखळलाय, मालक दुसरं घेणार होते. मी म्हणते थांबा, माझे बाबा करतील."

"आण की," मिस्त्री म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पोरगी चार वर्षांनी अशी हसली होती. दोरीवरच्या ओल्या पँटकडे बघून तिनं विचारलं, ही आत्ता का धुतली? "चहा सांडला," आई म्हणाली.

गुरुवारी मिस्त्रीला कूस बदलता येईना. तरी त्यानं बायकोला पाणी, आरसा आणायला लावला आणि पडल्या पडल्या दाढी केली. "पडलं तरी नाक वर," बायको पुटपुटली, पण आरसा तिनंच धरला.

अकराला तपासनीस आली. बाई होती, चाळिशीची, घामेजलेली, काखेत फायलींची पिशवी. खुर्चीवर बसली, पाणी प्यायली, आणि कागद काढून विचारायला लागली. उभं किती वेळ राहता? चालता किती? मिस्त्री हळू आवाजात उत्तरं देत होता. जुन्या अर्जात लिहिलेलंच सगळं. ती लिहीत होती. बायकोच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

चहाचा कप ठेवता ठेवता बाईंची नजर दारावर गेली. "अरे वा, ताजं काम दिसतंय. आत येतानाच म्हटलं, इतकं हलकं दार! कोणाकडून करून घेतलं?"

"गल्लीतला एक मिस्त्री आला होता," बायको पटकन म्हणाली.

"नंबर द्या ना त्याचा. आमच्याकडचं दार सहा महिने अडतंय. दोघं येऊन गेले, दोघांनी वाट लावली. असं कडेला एकसारखं काम करणारे हात आता राहिलेत कुठं?" आणि तिनं खरोखरच लिहून घ्यायला पेन धरलं.

बायकोनं मिस्त्रीकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचा नंबर आठवायला काय हरकत होती? त्याच्याच हाताखाली शिकलेले चार जण गावात होते. एक नंबर सांगायचा, बाई खूश, भत्ता चालू, विषय संपला. मिस्त्रीनं तोंड उघडलं तेसुद्धा नंबर सांगायलाच.

"मी केलंय," तो म्हणाला.

बाईंचं पेन थांबलं. "तुम्ही?"

"अहो!" बायको म्हणाली.

"काल केलं. मीच."

बाईंनी कप बाजूला सरकवला. आवाजातला चहा-पाण्याचा मोकळेपणा गेला. "मिस्त्री, आत्ता तुम्ही मला सांगितलंत की पंधरा मिनिटांवर उभं राहता येत नाही. आणि असं काम तुम्ही करू शकता? मग मला इथे 'स्वतःचा व्यवसाय करण्यास सक्षम' असं लिहावं लागेल. त्याचा अर्थ कळतोय ना?"

"मॅडम, ह्यांना पुढं काय झालं ते—" बायको पुढं सरसावली.

"तू थांब," मिस्त्री म्हणाला. "माझं काम आहे, मी सांगतो." तो दाराकडे बघत बोलला, बाईंकडे नाही. "पूर्वी मला याला वीस मिनिटं लागायची. काल अडीच तास लागले. आठ वेळा तरी खाटेवर येऊन पडलो. काम संपलं आणि दोन्ही पाय गेले. तिथं पडलो, उंबऱ्यापाशी." तो थांबला. "मग कपड्यात झाली. लघवी. मला कळलंसुद्धा नाही. हिनं येऊन धुतलं मला. आज कूस बदलता येत नाही. चार वर्षं हे अधूनमधून होतंय. मागच्या अर्जात 'ताबा आहे' लिहिलंय, ते खोटं आहे. पोरगी अर्ज भरत होती, तिच्यासमोर बोलवेना."

बाईंनी पेन परत उचललं. मग म्हणाल्या, "हे सगळं लिहावं लागेल. जसंच्या तसं. नाहीतर वरचे लोक फक्त दार बघतील."

"लिहा."

त्यांनी लिहिलं, आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. शेवटची ओळ वाचताना त्यांनी नजर कागदावरच ठेवली, तेवढं बरं केलं. 'त्यानंतर अर्जदाराचा लघवीवरील ताबा सुटला व पत्नीस त्यास स्वच्छ करावे लागले.' मिस्त्रीनं त्याखाली सही केली. उठताना बाई दारापाशी थांबल्या, कडेवरून हात फिरवला. "काम मात्र एक नंबर आहे," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण ते शेवटचं वाक्य त्यानं दिवसभर मनात घोळवलं. खोटं कशाला बोला.

तीन आठवडे गेले. मधल्या काळात पोरीनं दुकानातलं स्टूल आणलं होतं. ते कोपऱ्यात उभं होतं, तीन पायांवर, चौथा पाय दोरीनं बांधून बसण्यावर ठेवलेला. रोज दुकानातून आली की ती स्टुलाकडे बघायची आणि म्हणायची, "घाई नाही हं बाबा." मिस्त्रीही म्हणायचा, "उद्या बघतो."

शनिवारचं टपाल चुकून शेजारी गेलं होतं, म्हणून पत्र रविवारी दुपारी हातात पडलं. बायको कामावर होती. मिस्त्रीनं पाकीट उशीखाली सारायच्या आतच पोरीनं ते उचललं आणि खिडकीच्या उजेडात फोडलं. "कधी येणार कधी येणार म्हणत होतो ना, आलं बघा!"

"राहू दे. आई आल्यावर बघू."

"आईला कुठं वाचता येतंय चष्म्याशिवाय? ऐका." आणि तिनं त्या सरकारी ठसक्यात, मजेनं वाचायला सुरुवात केली. "'अर्जदाराने स्वतःच्या घराचे दार रंधा मारून दुरुस्त केले.' बाबा, दार आलं तुमचं सरकारी कागदात! 'सदर कामास अडीच तास लागले. पूर्वी हेच काम अर्जदार वीस मिनिटांत करीत असे. त्यानंतर अर्जदाराचा...'"

ती थांबली.

मिस्त्री तिच्या डोळ्यांकडे बघत होता. डोळे एका ओळीवरून पुढं गेले, परत मागं आले, पुन्हा गेले. बाहेर जिन्यात कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. पोरीच्या कानशिलापर्यंत लाली चढली, पण आवाज तिनं हलू दिला नाही.

"'त्यानंतर अर्जदाराला... विश्रांती घ्यावी लागली,'" ती म्हणाली. "'सबब भत्ता पुढील दोन वर्षांकरिता चालू ठेवण्यात येत आहे.' झालं. चांगली बातमी आहे, बाबा."

त्या कागदात 'विश्रांती' हा शब्द कुठंही नव्हता. मिस्त्रीला ती ओळ तोंडपाठ होती.

"झालं ना मग," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

पोरीनं पत्राची घडी घातली, पाकिटात ठेवली, पाकीट फायलीत लावलं. चहा टाकू का, म्हणून विचारलं. तो नको म्हणाला. मग कोपऱ्यात गेली, स्टूल उचललं आणि तो सुटा पाय काखेत धरला.

"सांगायचंच राहिलं," ती म्हणाली. "मालकांनी नवीन स्टूल घेतलं कालच. हे परत न्यायला सांगितलंय त्यांनी."

रविवारी दुकान बंद असायचं, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही.

"बरं," मिस्त्री म्हणाला. "ने."

दोन्ही हात भरलेले होते, म्हणून सवयीनं तिनं दाराकडे खांदा वळवला. मग दार आता अडत नाही, आणि आतून तर ओढायचंच असतं, हे आठवलं तशी थांबली, पायाच्या अंगठ्यानं दार अलगद ओढून उघडलं आणि बाहेर पडली. बाहेरून तिनं पायानंच ओढून घेतलं, आणि दार तिच्यामागे आवाज न करता मिटलं.